मधूनच जातो

एकदाच काय तो राम म्हणणाऱ्या सर्व्हरबद्दल ऑफिसात कुणाचंही मत वाईट नसतं. तो गेला हे सर्वमान्य असतं. हार्डवेअरवाला येतो, डबा उघडतो, जळकट वास हुंगतो, पॉवर सप्लाय बदलतो आणि बिल ठेवून जातो; तोवर मंडळी खाली जाऊन चहा पिऊन येतात, कुणाचं बँकेतलं कामही उरकतं. छळ करतो तो मधूनच जाणारा सर्व्हर. तो दहा मिनिटं नाहीसा होतो आणि कुणी टेबलाखाली वाकून त्याला हात लावायच्या आत परत येतो. तक्रार करावी तर पुरावा नाही, सोडून द्यावं तर तासाभरानं पुन्हा आहेच.

हा आजार जवळून पाहायचा असेल तर पुण्यातल्या पेठांमधलं एखादं करसल्लागाराचं ऑफिस गाठावं. पाडलेल्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीचा दुसरा मजला. चौदा-पंधरा संगणक, आर्टिकलशिप करणारी चार पोरं, तीस वर्षं इथेच असलेल्या एक बाई, त्यांच्याहून दोन वर्षं जुने असलेले एक काका, काचेच्या केबिनमध्ये साहेब आणि कोपऱ्यातल्या टेबलाखाली सर्व्हर. सर्व्हर म्हटल्यावर थंडगार खोलीतली लुकलुकती कपाटं डोळ्यांपुढे आणायची नाहीत. साहेबांनी नवा लॅपटॉप घेतला त्या दिवशी त्यांच्या जुन्या डेस्कटॉपला बढती मिळाली आणि तो सर्व्हर झाला. पगारवाढ म्हणून त्याला एक जादा हार्डडिस्क मिळाली. त्याच्या डोक्यावर ‘बंद करू नये’ असा कागद चिकटवलेला असतो आणि पाठीमागे केरसुणी ठेवलेली असते.

सगळ्या अशिलांचा डेटा या डबड्यात. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, जुलैच्या अखेरीला प्राप्तिकराची विवरणपत्रं. सर्व्हर या तारखांनाच जातो अशी ऑफिसची ठाम समजूत आहे. ती अर्धीच खरी. एरवीही तो जातो. पण चार तारखेला गेला तर पोरं मोबाइल काढून बसतात आणि कुणी बोभाटा करत नाही.

बढती दिलेल्या डेस्कटॉपमध्ये एक मेख असते, ती आधी सांगायला हवी. साध्या विंडोजवर, मग ती दहा असो की अकरा, चालणारं यंत्र एका वेळी २० जोडण्यांपेक्षा जास्त कुणाला आपल्या फोल्डरांत शिरू देत नाही. एक्सपी प्रोच्या काळी ही मर्यादा १० होती. पंधरा संगणकांच्या ऑफिसात वीस कुठून येणार, असं वाटतं खरं. पण स्कॅनर थेट फोल्डरात फाइल टाकत असतो, साहेबांचा लॅपटॉप वेगळा, कुणीतरी घरचा लॅपटॉप आणलेला असतो आणि काकांनी एकच फोल्डर दोन ठिकाणांहून उघडून ठेवलेलं असतं, एक हरवलं तर दुसरं असावं म्हणून. शिवाय पंधरा मिनिटं काहीच न करणाऱ्या माणसाची जोडणी विंडोज आपणहून तोडून टाकते. चहाला खाली उतरून पंधरा मिनिटांत वर आलेला माणूस पेठेत सापडणं अवघड, त्यामुळे परत आल्यावर सर्व्हरच्या ड्राइव्हवर तांबडी फुली दिसते आणि पहिली आरोळी उठते. फोल्डर पुन्हा उघडलं की फुली जाते. हा आजार नव्हे. पण निम्म्या ऑफिसला तो आजार वाटतो आणि खऱ्या दुखण्याच्या चौकशीत ही खोटी साक्ष मिसळते.

मग कारणांची मालिका सुरू होते. काकांचं मत उंदीर. कुठलाही बिघाड ऐकला की काका उंदीर म्हणतात. एकदा जीएसटीचं पोर्टल बंद पडलं तेव्हाही म्हणाले होते. मात्र त्यांना हसून सोडता येत नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. केबलचं मऊ वेष्टण त्याला बरं पडतं. बाईंचं मत लाइट. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की सर्व्हर जातो, असं त्या सांगतात, आणि फ्रिज व सर्व्हर एकाच बोर्डावर असतील आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली असेल तर बाई बरोबरही ठरू शकतात. पोरांचं मत व्हायरस, कारण त्यात कुणाचाच दोष नसतो. नव्यानं लागलेल्या मुलीला वाटतं की ती खुर्चीवरून उठली की तिच्या पडद्यावर काहीतरी होतं. ती हे कुणाला सांगत नाही, लोक वेड्यात काढतील म्हणून. सांगायला हरकत नव्हती. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून उठताना-बसताना विद्युतचुंबकीय झटका निर्माण होऊन मॉनिटर क्षणभर काळा पडू शकतो, हे डिस्प्लेलिंक या कंपनीनं आपल्या ग्राहकांसाठीच्या माहितीत चक्क लिहून ठेवलेलं आहे.

सर्वांत जुनं आणि लोकप्रिय कारण म्हणजे ‘त्यानं परवा काहीतरी केलं तेव्हापासून’. तो म्हणजे हार्डवेअरवाला.

हार्डवेअरवाला येतो तेव्हा सर्व्हर उत्तम चालू असतो. हा नियम आजवर मोडलेला नाही. तो अर्धा तास बसतो, सर्व्हर हूं की चूं करत नाही. “आता तर चालू आहे, काका.” या वाक्यावर काकांचा चेहरा पडतो, सर्व्हर गेला नाही याचं वाईट वाटण्याचा ऑफिसातला तो एकमेव क्षण. मग हार्डवेअरवाला काळी खिडकी उघडून पिंग मारतो. ओळीमागून ओळ सरकते, सगळी उत्तरं येतात. “बघा, पिंग जातंय.” माइक म्यूस या अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्कची कटकट शोधायला एका संध्याकाळी हा प्रोग्रॅम लिहिला आणि तेव्हापासून तो जगभर वापरात आहे. पण विंडोजचं पिंग एका खेपेला जेमतेम ३२ बाइट पाठवतं. सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या स्विचचं तोंड एका रीतीनं लावलेलं आणि संगणकाचं दुसऱ्या, अशी विसंगती असली की हे चिमुकले निरोप सुखरूप पोहोचतात आणि ४० एमबीची फाइल मात्र वाटेत धापा टाकते. पिंग जातंय म्हणजे तार जोडलेली आहे, एवढंच. हार्डवेअरवाला स्विच बंद करून चालू करतो, व्हिजिट चार्ज घेतो आणि जातो. तो लक्ष्मी रोडच्या सिग्नलपर्यंत पोहोचतो तोच फोन येतो.

त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याला पैसे येण्याचे मिळतात, बसून राहण्याचे नाही. आणि मधूनच होणारा बिघाड बसून राहिल्याशिवाय दिसत नाही.

पुढच्या खेपेला तो केबलवर येतो आणि इथे त्याचं ऐकण्यासारखं असतं. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफनं २२ मे १९७३ रोजी इथरनेटची कल्पना कागदावर मांडली. पन्नास वर्षांत वेग हजारो पटींनी वाढला, पण पेठेतल्या ऑफिसात सगळा कारभार अजून त्या पारदर्शक प्लास्टिकच्या टोपीवरच्या नखाएवढ्या क्लिपवर अवलंबून आहे. ती क्लिप तुटते. मग टोपी स्विचमध्ये नुसती टेकून राहते. केर काढणाऱ्या मावशींची केरसुणी लागली की सुटते, कुणी टेबल सरकवलं की लागते. कुठल्याही ऑफिसात टेबलांखाली वाकून पाहावं, अशा बिनक्लिपच्या दोन-तीन टोप्या निघतातच. एखादीवर सेलोटेप असते.

त्याहून वस्ताद प्रकार टोपीच्या आत असतो. केबलमध्ये आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ दिलेल्या. हा पीळच बाहेरचा गोंगाट आत येऊ देत नाही. टोपीत तारा लावायचा क्रम ठरलेला आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी मध्ये निळ्यासाठी जागा करून तिसऱ्या आणि सहाव्या क्रमांकावर बसते, हे नीटनेटक्या माणसाला खटकतं. तो सगळ्या जोड्या शेजारी-शेजारी लावतो; हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा. दोन्ही टोकांना तसंच केलं की स्वस्तातल्या टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं पेटतात. तार पोहोचली की दिवा लागतो. जोडी कुणाची कुणाशी लागली हे दिव्याला कळत नाही. पण आता एकच संदेश दोन वेगळ्या पिळांतल्या तारांतून जातो आणि शेजारचं बोलणं त्यात मिसळतं. अशी केबल दोन मीटरची असेल तर चालूनही जाते. पंचवीस मीटरची असली की कामाचा लोड वाढल्यावर अडखळते. आठही दिवे पेटत असल्यामुळे तिच्यावर कुणी संशय घेत नाही.

तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा हा आणखी एक विषय. त्या स्वस्त असतात, वाकवल्या की तुटतात आणि वेष्टणावर मात्र सगळं शुभ्र अक्षरांत छापलेलं असतं. गिगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात. एक जोडी गेली की वेग मुकाट्यानं १०० मेगाबिटवर उतरू शकतो आणि ‘आज नेट स्लो आहे’ एवढीच नोंद जनमानसात होते.

सर्वांत नाट्यमय प्रकार मात्र चांगुलपणातून घडतो. शनिवारी आवराआवर करताना स्विचजवळ एका केबलचं मोकळं टोक लोंबताना दिसतं. सुटलेलं असेल, म्हणून कुणीतरी ते स्विचच्या रिकाम्या खाचेत खोचतं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. आता ‘सर्वांना कळविण्यात येते की’ छापाचा प्रत्येक निरोप त्या वेटोळ्यात फिरत राहतो, प्रत्येक फेरीला नव्या प्रती निघतात आणि अख्खं ऑफिस बसतं. याच संकटावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना एक रीत शोधली: स्विचांनी आपसांत बोलून वेटोळं ओळखावं आणि एक वाट आपणहून बंद ठेवावी. पेठेत मिळणाऱ्या स्वस्त स्विचमध्ये ही अक्कल बहुधा नसते. आणि अक्कल असूनही भागतंच असं नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या नामांकित रुग्णालयाचं नेटवर्क असंच येत-जात राहिलं, कारण ते वाढत-वाढत या रीतीला पेलवेल त्यापलीकडे गेलं होतं. जवळजवळ चार दिवस रुग्णालय कागदावर चाललं.

असे बिघाड सापडले कसे, हे पाहिलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वेल्समधल्या एबरहोसान गावात दीड वर्ष रोज सकाळी सातला ब्रॉडबँड ढेपाळायचं. ओपनरीच कंपनीच्या इंजिनिअरांनी गावातली केबल बदलून पाहिली, फरक नाही. शेवटी २०२० मध्ये ते रेडिओलहरी मोजायचं यंत्र घेऊन पहाटे सहापासून गावात फिरले. बरोबर सातला यंत्र बोंबललं. एका घरी रोज सातला एक जुना, सेकंडहँड टीव्ही लागायचा आणि त्यातून निघणारा विजेचा गोंगाट गावभर पसरायचा. मालकाला ओशाळल्यासारखं झालं. त्यानं तो टीव्ही पुन्हा कधी लावला नाही.

ऑस्ट्रेलियात पार्क्स इथल्या ६४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीनं त्याहून मोठी फसगत सोसली. १९९८ पासून तिथे मधूनच एक चमत्कारिक रेडिओ-स्पंद यायचा. आकाशातला की पृथ्वीवरचा, यावर संशोधन चाललं. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी छडा लावला: मायक्रोवेव्ह ओव्हन थांबायच्या आधीच कुणीतरी दार उघडत होतं. हे स्पंद कामाच्या दिवशी, तेही जेवणाच्या सुमाराला जास्त येतात, हे आकडे मांडल्यावर दिसत होतंच. ताऱ्यांना डबा खायचा नसतो.

आणि नेटवर्कवाल्यांच्या जगात गाजलेली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातली हकीकत. ट्रे हॅरिस हे तिथली ईमेल यंत्रणा सांभाळत. त्यांना संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला की ५०० मैलांपलीकडे ईमेल जात नाही. हॅरिसना हे हास्यास्पद वाटलं, पण संख्याशास्त्रज्ञांनी बिघाडाचा नकाशाच काढून ठेवला होता. तपासल्यावर कळलं की कुणीतरी सर्व्हर अद्ययावत करताना ईमेलचा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीवर गेला आणि समोरच्याची वाट पाहण्याची मुदत शून्य झाली. शून्य म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ३ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात प्रकाश साधारण ९०० किलोमीटर, म्हणजे ५०० मैलांहून थोडं अधिक अंतर कापतो. त्या विभागानं ‘ईमेल मधूनच जात नाही’ एवढंच कळवलं असतं, तर उत्तर ‘पुन्हा पाठवून बघा’ हेच मिळालं असतं.

पेठेतल्या ऑफिसात आवक-जावक रजिस्टर असतं, चहावाल्याची वही असते, हजेरीपट असतो, कुणी कुणाला स्टेपलर दिला याचीही नोंद असते. सर्व्हर कधी गेला याची नोंद नसते. नवा स्विच झाला, राउटर बदलला, दोन केबली नव्या ओढल्या, तरी सर्व्हर जातोच म्हटल्यावर बाईंनी एक शंभरपानी वही घेतली आणि रकाने आखले: वेळ, कुणाकुणाचा गेला, किती वेळानं आला, तेव्हा काय चाललं होतं. शेवटचा रकाना बाईंचा स्वतःचा. त्यात ‘पाऊस’, ‘काका फोनवर’, ‘साहेब आले’ अशा नोंदी पडू लागल्या.

दोन आठवड्यांनी वही चाळताना पोरं गालातल्या गालात हसू लागली. सर्व्हर साधारण पावणेबाराला जायचा. मग जेवणानंतर. मग संध्याकाळी. पावणेबाराच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत शेवटच्या रकान्यात एकच नोंद होती: साहेब आले. साहेब परगावी होते ते तीन दिवस पान कोरं. पोरांना हे आधीपासून ठाऊक होतं, त्यांनी त्यावर एक स्टेटसही ठेवलं होतं. साहेबांच्या पायगुणाचा विषय त्यांच्यासमोर काढणार कोण, हाच प्रश्न होता. बाईंनी वही नुसती उघडून त्यांच्या टेबलावर ठेवली.

साहेब आले की पहिलं काम म्हणून केबिनमधल्या प्रिंटरचं बटण दाबायचे.

तो जुना लेझर प्रिंटर साहेबांच्या आधीच्या जागेतून आलेला. तिथे कुणीतरी त्याला हातानं पत्ता देऊन ठेवला होता: १९२.१६८.१.५०. सर्व्हरलाही कुणीतरी हातानंच पत्ता दिला होता, आणि पन्नास हा आकडा सगळ्यांनाच लक्षात ठेवायला सोपा वाटतो. अशा जाळ्यात संगणक आधी सर्वांना ओरडून विचारतो, ‘पन्नास नंबर कोण?’ आणि जो ‘मी’ म्हणेल त्याचं ऐकतो. ओळखपत्र मागायची पद्धत या व्यवहारात नाही. चाळीतल्या एकाच आडनावाच्या दोन बिऱ्हाडांत पत्रं चुकावीत, तसं हिशेबाच्या टॅली प्रोग्रॅमचं बोलणं प्रिंटरकडे जायला लागायचं. प्रिंटरला टॅली कळत नाही, तो गप्प बसायचा. थोड्या वेळानं त्याला झोप लागायची, त्याचं ‘मी’ म्हणणं थांबायचं आणि सगळे पुन्हा सर्व्हरकडे वळायचे. जेवणानंतर साहेबांनी एखादं पान छापलं की प्रिंटर जागा, सर्व्हर गायब. सर्व्हरच्या पडद्यावर पत्त्याचा घोटाळा झाल्याची सूचना येत असणार. पण सर्व्हरला पडदा जोडलेलाच नव्हता. तो काकांना दिला होता.

हार्डवेअरवाल्याला या वेळी वही दाखवली. त्यानं सर्व्हर गेलेला असताना एका संगणकावर ‘एआरपी -ए’ ही आज्ञा दिली. पन्नास नंबरच्या पुढे नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरी क्रमांक आला; त्यातली पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात. ती प्रिंटरच्या कंपनीची निघाली. त्यानं प्रिंटरला साठ नंबर दिला, राउटर जे पत्ते आपणहून वाटतो त्या पट्ट्यातून पन्नास आणि साठ दोन्ही वगळले आणि दोन्ही यंत्रांवर चिकटपट्टीनं आकडे लावले. काम दहा मिनिटांचं. नवा स्विच आणि राउटर परत घेईल का, असं काकांनी विचारून पाहिलं. तो नाही म्हणाला.

वही अजून चालू आहे. पंधरा मिनिटांच्या तांबड्या फुल्या अधूनमधून नोंदल्या जातात, आणि एका पावसाळी दुपारी केबल खरोखरच कुरतडलेली सापडली, तेव्हा काकांनी ती नोंद स्वतःच्या हातानं, सहीसकट केली.

ज्यांच्या ऑफिसात मधूनच जाणारा सर्व्हर आहे त्यांनी हार्डवेअरवाल्याला फोन करताना ‘सर्व्हर जातोय’ एवढंच सांगू नये. किती वाजता गेला, एकाचा गेला की सगळ्यांचा, किती वेळानं आला आणि तेव्हा कुणी कुठलं बटण दाबलं, एवढं तरी वाचून दाखवावं. आणि शक्यतो २० तारखेला फोन करू नये. त्या दिवशी तो दुसऱ्या करसल्लागाराच्या टेबलाखाली असतो आणि तिथे रेंज नसते.